दीडपट वेगानं ऐकताना

एक तासाचा पॉडकास्ट दीडपट वेगानं लावला तर ४० मिनिटांत संपतो, दुपटीनं ३० मिनिटांत, अडीचपटीनं २४ आणि तिपटीनं २० मिनिटांत. भागाकार शाळेतलाच आहे, पण वेगाचा आकडा चढवत नेणाऱ्यांच्या तो सहसा ध्यानात राहत नाही. पहिल्या अर्धपटीला वीस मिनिटं वाचतात, दुसरीला दहा, तिसरीला सहा आणि चौथीला फक्त चार. कमाई दर पायरीला घटत जाते. समजण्यातली तूट मात्र दर पायरीला वाढते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही. एका टप्प्यापर्यंत जाणवतही नाही आणि मग एकदम कडा कोसळतो. तो टप्पा कुठे येतो, सगळ्यांसाठी एकच असतो का, आणि मराठी ऐकणाऱ्यानं इंग्रजीवरचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलावेत का, हे आज पाहायचं आहे.

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. पूर्व-पश्चिम मार्ग आणि सर्कल लाइन जिथे भेटतात त्या स्थानकाच्या दक्षिणेला वन-नॉर्थ ही संशोधनाची वसाहत पसरली आहे. तिथल्या फ्युजनोपोलिसमध्ये ए-स्टार या सरकारी संस्थेची इन्स्टिट्यूट फॉर इन्फोकॉम रिसर्च आहे. यंत्राला माणसाचं बोलणं कळावं म्हणून तिथे वर्षानुवर्षं काम चालू आहे. सिंगापुरी ढंगाचं इंग्रजी समजणारं ‘मेरालायन’ हे भाषा-प्रारूप २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथूनच बाहेर पडलं. जवळच स्टार्स ॲव्हेन्यूवर मीडियाकॉर्पचं आवार आहे, जिथून या देशाच्या दूरचित्रवाणीचा आणि रेडिओचा मोठा भाग प्रसारित होतो. आणि नॉर्थ बुओना व्हिस्टा ड्राइव्हवर, स्थानकाच्या अगदी बाजूला, शिक्षण मंत्रालय. आवाज घडवणारे, आवाज उलगडणारे आणि मुलांनी शाळेत कोणती भाषा शिकायची ते ठरवणारे, तिघेही पायी जाण्याच्या अंतरावर. या परिसरात कामाला येणारी मराठी माणसंही आहेत. कानात हेडफोन, समोर संगणक आणि पडद्याच्या कोपऱ्यात दीडपटीचा आकडा हे दृश्य त्यांना अनोळखी नाही.

आधी यंत्र नेमकं काय करतं ते पाहू, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. टेपच्या काळात वेग वाढवणं म्हणजे फीत जोरात पळवणं. फीत दुपटीनं पळाली की आवाज पुरा एक सप्तक वर चढायचा आणि भारदस्त वक्त्याचं बोलणं चिरकं, बालिश होऊन जायचं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. ध्वनिमुद्रणाचे अतिशय बारीक तुकडे पाडायचे, मधले काही टाकून द्यायचे आणि उरलेले सांधायचे. तुकडा इतका छोटा की एकही अक्षर अख्खं गळत नाही, आणि पट्टीही हलत नाही. आजच्या संगणकातल्या पद्धतींचं मूळ हेच आहे. पुढची सगळी प्रगती सांधा कसा लपवायचा याची आहे. बोलताना पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपनं सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे होतात, स्त्रीची दोनशेच्या आसपास. म्हणजे एकेक कंपन पाच ते दहा मिलिसेकंदांचं. बेल्जियममधल्या व्हर्हेल्स्ट आणि रूलांड्स यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत लाटेचा आकार जिथे सगळ्यात जास्त जुळतो ती जागा शोधते, तिथेच कापते आणि दोन कडा एकमेकींवर चढवून मिसळते. माळेतले मधले काही मणी काढावेत आणि गाठ दिसू नये, तसं. ही पद्धत बोलण्यावर बेतलेली आहे. एका वेळी अनेक सूर चालू असतील, मागे तानपुरा आणि पेटी असेल, तर जुळणारी जागा सापडत नाही आणि आवाज फाटतो. संगीतावरच्या पॉडकास्टमधलं गाणं वेगात ऐकवत नाही त्याचं कारण हे.

आता ब्राउझर वेग बदलताना पट्टी आपोआप राखतो, व्हीएलसीही राखतं. व्हीएलसीत चौकोनी कंसाच्या दोन कळांनी वेग दशांशानं कमी-जास्त होतो. यूट्यूबवर शिफ्ट धरून स्वल्पविरामाची किंवा पूर्णविरामाची कळ दाबली की पावपटीनं. ही सोय मला वेगाच्या कमाल मर्यादेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. फोन खिशात असतो आणि त्यावर एकदा ठरवलेला वेग महिनोन्महिने तसाच राहतो. संगणकावर हात कळफलकावरच असतो. पाहुण्याची ओळख, प्रायोजकाचं कौतुक, आधी ऐकलेला किस्सा यांवरून दुपटीनं जावं; आकडा, नाव किंवा नवा युक्तिवाद आला की दोन कळांत मूळ वेगावर यावं. वाचताना डोळे हेच करतात. वेग नेमून घ्यायचा नसतो, सतत बदलत राहायचा असतो, आणि संगणकावर ते जमतं.

समजण्यावरचं संशोधन साठ वर्षांहून जुनं आहे आणि त्यात दृष्टिहीनांच्या गरजेचा मोठा वाटा आहे, हे विसरू नये. केंटकीतल्या लुइव्हिल विद्यापीठातले एमर्सन फुल्क स्वतः दृष्टिहीन होते. बोलकी पुस्तकं डोळस वाचकाच्या गतीनं ‘वाचता’ यावीत हा त्यांचा ध्यास. १९६९ मध्ये त्यांनी टॉमस स्टिक्ट यांच्यासह तोवरच्या सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की इंग्रजीत मिनिटाला २७५ शब्दांच्या आसपासपर्यंत आकलन हळूहळू उतरतं आणि त्यापुढे झपाट्यानं. साधं बोलणं मिनिटाला दीडशे शब्दांचं धरलं तर हा कडा दुपटीच्या थोडा अलीकडे येतो. आणखी एक गोष्ट त्यांच्या क्षेत्रात तेव्हापासून ठाऊक आहे: सुटे शब्द ओळखता येण्याची मर्यादा बरीच वर असते, अर्थ लावण्याची खाली. म्हणजे ‘मला सगळे शब्द ऐकू येतात’ असं म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो, पण त्यातून त्याला विषय कळला असं सिद्ध होत नाही.

२०२१ मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डिलन मर्फी, ॲलन कॅस्टेल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. २३१ विद्यार्थ्यांना दोन व्याख्यानं दाखवली, एक रोमन साम्राज्यावरचं आणि एक घरांच्या मूल्यांकनावरचं. दीडपट आणि दुप्पट वेगानं पाहणाऱ्यांचे गुण साध्या वेगाच्या जवळपासच राहिले, लगेच घेतलेल्या चाचणीतही आणि आठवड्यानंतरच्या चाचणीतही. अडीचपटीला ते घसरले. अर्धशतकापूर्वीचा कडा जवळजवळ त्याच जागी सापडला. याच अभ्यासातला दुसरा भाग मला जास्त कामाचा वाटतो. साध्या वेगानं एकदा पाहण्याऐवजी दुपटीनं दोनदा पाहिलं तर? दोन्ही वेळा लागोपाठ पाहिलं तर फायदा नाही. पण दुसरी खेप आठवड्यानं, चाचणीच्या तोंडावर ठेवली तर गुण वाढतात. वेग वाढवून वाचवलेला वेळ त्याच गोष्टीच्या पुनरावृत्तीत घातला की तो सार्थकी लागतो. आपल्यापैकी बहुतेक जण तो पुढच्या पॉडकास्टमध्ये घालतात.

मात्र हे सगळं मातृभाषेत किंवा तिच्याइतक्या सरावाच्या भाषेत ऐकणाऱ्या तरुणांबद्दल आहे. परकी भाषा असली की कडा पुष्कळ अलीकडे सरकतो. रॉजर ग्रिफिथ्स यांच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ओमानमधल्या शिक्षकांचं इंग्रजी आकलन मिनिटाला २०० शब्दांच्या वेगालाच स्पष्ट खाली आलं. वयाचाही परिणाम असतो. कानाची तपासणी ठीक असलेल्या वृद्धांनाही आकुंचित केलेलं बोलणं तरुणांपेक्षा अवघड जातं, हे अमेरिकेत सांड्रा गॉर्डन-सॅलंट आणि पीटर फिट्झगिबन्स यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं. महाराष्ट्रातून सिंगापूरला येऊन राहणारे आईवडील घरातल्या संगणकावर एखादी मुलाखत ऐकत असतील, तर आधीच्या माणसानं ठेवलेला दीडपट वेग पहिल्यांदा उतरवून द्यावा. ‘हल्ली लोक फार भरभर बोलतात’ ही त्यांची तक्रार खरी असते.

सरावाचा भाग रंजक आहे. एमॅन्युएल दुपू आणि केरी ग्रीन यांनी १९९७ मध्ये दाखवलं की फार आकुंचित वाक्यंही थोडी ऐकली की कान जुळवून घेतो. सराव लागायला महिने नकोत, दहा-पंधरा वाक्यांतच फरक पडतो. पुढच्याच वर्षी पालिए आणि सहकाऱ्यांना दिसलं की स्पॅनिशवर झालेला सराव कॅटलनला उपयोगी पडतो, कारण दोन्हींची लय जवळची आहे. इंग्रजी आणि फ्रेंच यांच्यात तो असा पोहोचत नाही. म्हणून दिवसभर इंग्रजी पॉडकास्ट पावणेदोनपटीनं ऐकणाऱ्या माणसानं तोच आकडा मराठीला लावू नये. इंग्रजीवर कमावलेला सराव मराठीला आपोआप लागू होतो असं मानायला आधार नाही.

दृष्टिहीनांनी ही मर्यादा कुठवर नेली आहे तेही पाहिलं पाहिजे. जर्मनीतल्या ट्यूबिंगन इथे इंगो हेर्टरिच, सुझाने डीट्रिच आणि हेरमान आकरमान यांनी अभ्यासलेले काही दृष्टिहीन श्रोते सेकंदाला सुमारे २२ अक्षरावयव समजू शकत होते. सराव नसलेला डोळस माणूस आठ-दहापुढे थकतो. मेंदूचा जो भाग एरवी पाहण्याचं काम करतो तोही त्यांच्या ऐकण्यात सामील झालेला दिसला. आपल्याकडे १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी बोलक्या पुस्तकांची परंपरा जपली, २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय सुरू आहे, आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेला मोफत एनव्हीडीए हा पडदावाचक ई-स्पीकच्या आवाजात मराठीही वाचतो. तो आवाज कोरडा, यांत्रिक आहे. डोळस माणसाला तो क्षणभर सहन होत नाही. पण त्यात उच्चार प्रत्येक वेळी तंतोतंत सारखा येतो, म्हणूनच तो भन्नाट वेगातही कळतो. पॉडकास्टमध्ये दोन-तीन माणसं, त्यांच्या लकबी, हशा, एकमेकांवर चढणारी वाक्यं असतात. पडदावाचकाचा वेग पॉडकास्टला लावणं म्हणूनच चुकीचं. आणि दृष्टिहीन विद्यार्थी जे गरजेपोटी, वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं कमावतो, त्याकडे फॅशन म्हणून पाहणं तर त्याहून चुकीचं.

आता मला जो या प्रश्नाचा गाभा वाटतो तिथे येऊ: शांतता. वेळ वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे शब्दांना हात न लावता मधल्या थांब्यांना कात्री लावणं. मार्को आर्मेंट यांनी २०१४ मध्ये ओव्हरकास्ट या ॲपमध्ये ही सोय आणली आणि ती लोकप्रिय झाली. पाहताना वाटतं की यात काहीच हरवत नाही. पण ओडेड गित्झा आणि स्टीव्हन ग्रीनबर्ग यांचा २००९ चा प्रयोग वेगळं सांगतो. त्यांनी वाक्यं तिपटीनं आकुंचित केली. ऐकणाऱ्यांच्या चुका खूप झाल्या. मग त्याच आकुंचित बोलण्याचे छोटे तुकडे करून त्यांच्यामध्ये नियमित अंतरानं कोरी शांतता घातली. एकही नवा ध्वनी नाही, तरीही चुका लक्षणीय घटल्या. एकूण लांबी मूळ वाक्याच्या लयीजवळ आली तेव्हा सगळ्यात चांगलं कळलं. कानाला ध्वनी मिळाला तेवढ्यानं भागत नाही. तो उलगडायला मेंदूला सवड लागते आणि ती सवड थांब्यात असते.

हे वाचल्यावर मराठी कथाकथनाची आठवण होणं अपरिहार्य आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथा सांगत फिरले ते थांब्यांच्या जोरावर. मिरासदार वाक्याच्या टोकाला जो क्षण लांबवत तो कापला की विनोद उरतो पण हसू येत नाही. १९६१ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं रंगमंचावर उभी केली, त्यातही दोन पात्रांच्या मधली जागा हीच पात्र बदलल्याची खूण. शिवाजीराव भोसले यांची व्याख्यानं दीडपटीनं लावली तर माहिती सगळी मिळते. वाक्य घडताना पाहण्याचा आनंद मिळत नाही, आणि त्यांचं व्याख्यान त्या आनंदासाठीच ऐकायचं असतं. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनं वेग बदलण्याची चाचणी सुरू केली तेव्हा जड ॲपटाओ आणि ब्रॅड बर्ड या दिग्दर्शकांनी जाहीर विरोध केला होता. पुढच्या वर्षी कंपनीनं सोय दिलीच, आणि कर्णबधिर व अंध प्रेक्षकांच्या संघटनांनी तिचं स्वागत केलं. दोघांचंही बरोबर होतं. हक्क ऐकणाऱ्याचा आहे. पण कलाकृती आणि माहिती यांना एकच वेग लावणं हे त्या हक्काचं चांगलं रूप नव्हे.

याउलट एक दिलासाही आहे. नेदरलंड्समधल्या एस्थर यान्स यांनी २००४ मध्ये दाखवलं की यंत्रानं वेगवान केलेलं बोलणं माणसानं स्वतः भरभर बोलण्यापेक्षा समजायला सोपं असतं. माणूस घाई करतो तेव्हा अक्षरं गिळतो. यंत्र स्पष्ट बोललेलं स्पष्टच ठेवतं. त्यामुळे आकाशवाणीच्या बातम्यांसारखं सावकाश, सुस्पष्ट बोलणं दीडपटीला सहज टिकतं, आणि मुळातच धावतं बोलणारा मुलाखतकार सव्वापटीलाच हाताबाहेर जातो. वेगाचा आकडा बोलणाऱ्यावर ठरतो, ऐकणाऱ्याच्या अभिमानावर नाही.

इंग्रजीतले ‘मिनिटाला इतके शब्द’ हे माप मराठीला लागू का पडत नाही, त्याचं कारण आपल्या व्याकरणात आहे. ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा मराठीत एक शब्द. इंग्रजीत त्यासाठी चार-पाच लागतील. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या फ्रांस्वा पेलेग्रिनो यांच्या गटानं २०१९ मध्ये १७ भाषा मोजल्या आणि दाखवलं की अक्षरावयवांचा वेग भाषेगणिक बराच बदलतो, पण माहितीचा प्रवाह सगळीकडे सेकंदाला ३९ बिटांच्या आसपास येतो. जपानी भरभर बोलली जाते आणि दर अक्षरावयवात कमी सांगते, व्हिएतनामी सावकाश बोलली जाते आणि जास्त सांगते. त्या सतरांत एकही भारतीय भाषा नव्हती. मराठीचं क्रियापद शेवटी येतं आणि बहुतेक वेळा नकारही शेवटी: ‘हे औषध उपाशीपोटी घ्यायचं नाही’. सूर जिथे उतरतो, आवाज जिथे मऊ होतो, तिथेच वाक्याचा कौल बसलेला असतो. दुपटीनं ऐकताना तो शेवट निसटला आणि पुढचं वाक्य सुरू झालं, तर ऐकणारा नेमकी उलट समजूत घेऊन पुढे जातो. आरोग्य, कायदा, गुंतवणूक या विषयांचे मराठी पॉडकास्ट वेगात ऐकू नयेत असं मी म्हणतो ते यासाठी.

कार्यालयात काम करता करता ऐकणाऱ्यांसाठी एवढंच: ईमेल लिहिणं आणि ऐकणं दोन्ही भाषेचीच कामं आहेत आणि ती एकमेकांच्या वाटेत येतात. आकडे नीट लावणं, चित्रं जुळवणं अशा हातसवयीच्या कामाबरोबर सव्वापट चालते. लिहिण्याबरोबर कोणताच वेग चालत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला मुलांची वाटते. सिंगापूरच्या शाळेत मातृभाषा हा विषय सर्वांना असतो. भारतीय वंशाच्या मुलांना तमिळ, किंवा बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी, उर्दू यांपैकी एक निवडता येते. मराठी त्यात नाही, त्यामुळे मराठी घरांतली बरीच मुलं हिंदी घेतात. त्यांना मराठीचं पुस्तक नाही, परीक्षा नाही. मराठी येते ती फक्त कानावाटे. ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘काट’ आणि ‘खाट’ यांतला फरक म्हणजे काही मिलिसेकंदांचा श्वास. ज्या मुलाच्या दिवसभराच्या इंग्रजीत या श्वासानं अर्थ बदलत नाही, त्याला तो मराठीत पुरेसा वेळ ऐकू आला पाहिजे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये स्टोरीटेल भारतात आलं तेव्हापासून मराठी बोलकी पुस्तकं हाताशी आहेत, बीबीसी मराठी आहे, ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ आहेत. इतकी ऐकीव मराठी परदेशातल्या घराला पूर्वी कधीच मिळत नव्हती. ती दुपटीनं वाजवून मुलांच्या कानांवरून घालवणं हे मोठं नुकसान आहे.

म्हणून माझा कौल असा. ओळखीच्या भाषेतली, ओळखीच्या विषयावरची, सावकाश बोललेली चर्चा दीडपटीनं खुशाल ऐकावी. नवा विषय किंवा परकी भाषा असेल तर सव्वापटीपुढे जाऊ नये. कथा, नाटक, व्याख्यान, गाणं आहे त्या वेगानं. दुपटीपुढची मिनिटं फार थोडी वाचतात आणि फार महाग पडतात. मराठी पॉडकास्ट करणाऱ्यांना विनंती आहे की दोन तासांच्या गप्पा न छाटता चढवू नका. त्यांचे भाग पाडून वेळा द्या आणि संहिता सोबत ठेवा, म्हणजे घाईतला माणूस वाचून मोकळा होईल आणि ऐकणारा निवांत ऐकेल. आणि परदेशातल्या मराठी आईवडिलांनो, घरातल्या संगणकावर मुलं मराठी ऐकत असतील तेव्हा वेग एकवरच ठेवा, लहानग्यांसाठी हवं तर पाऊणपटीवर आणा.